अनुजाचे मस्कतमधले रोजे

कोल्हापूरच्या राजारामपुरीतली अनुजा सासने गल्लीतल्या पोरांबरोबर फुटबॉल खेळतच मोठी झाली. पुढे तिनं शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली आणि मस्कतमधल्या मुलींच्या एका शाळेत क्रीडाशिक्षिकेची नोकरी मिळवली. वडील गणपतराव बरेच दिवस तिच्याशी धड बोलत नव्हते. निघताना एवढंच म्हणाले, "जातीस ती जा. पण अर्ध्यातनं पळून येऊ नको."

"न्हाय येत," अनुजा म्हणाली.

तिथला पहिलाच रमजान लागला आणि शहराची दिनचर्याच बदलली. हॉटेलं दिवसा बंद, शाळा लवकर सुटायची, चारचौघांत पाणी पिणंही चालत नव्हतं. ईदनंतर शाळांच्या फुटबॉल स्पर्धा होत्या, पण मुख्याध्यापिकांनी महिनाभर सराव बंद ठेवायला सांगितलं. अनुजालाही ते पटलं. मग संघाची कर्णधार हुदा तिला भेटायला आली.

"मिस, सराव बंद करू नका."

"पाणी न पिता पळणार तुम्ही? कुणी कोसळलं तर?"

"आम्ही लहानपणापासून रोजे धरतोय. तुम्ही कधी धरला नाही, म्हणून तुम्हाला भीती वाटते." हुदाच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता. म्हणूनच ते अनुजाला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठून तिनं दहीभात खाल्ला आणि रोजा धरला. दुपार व्हायच्या आत डोकं ठणकायला लागलं. जिना चढताना डोळ्यांपुढं अंधारी आली, तशी ती पायरीवरच बसली. समोर पाण्याचा कूलर होता. कुणी बघतही नव्हतं. ती उठली आणि कूलरकडं पाठ करून वर्गात गेली.

आईला फोनवर हे कळलं तेव्हा आई म्हणाली, "आपल्या उपासाला साबुदाणा असतोय, शेंगदाणं असत्यात. पाणीबी न्हाय, हे कसलं गं?"

"तेच बघायचंय मला."

"बघितलंस की एक दिवस. बास झालं."

बास झालं नाही. तिनं दुसरा रोजा धरला, मग तिसरा. हळूहळू शरीराचं गणित उमगत गेलं. डोकं ठणकत होतं ते मुख्यतः चहा तुटल्यामुळं. दुपार सगळ्यात जड जायची. सूर्य कलला की उष्मा कमी व्हायचा, मन शांत असायचं आणि पाणीही फार लांब नसायचं. खेळायचं तर तेव्हाच, हे तिला पटलं.

ती मुख्याध्यापिकांकडं गेली. सराव सूर्यास्ताच्या थोडा आधी ठेवायचा. पळापळ नाही, नुसते पास आणि जागा धरणं. चक्कर आली तर त्या मुलीनं रोजा सोडायचा आणि तिला कुणी अवाक्षर बोलायचं नाही.

"आणि जबाबदारी?" बाईंनी विचारलं.

"माझी. मी स्वतः रोजा धरून मैदानात असेन."

बाईंनी थोडा विचार केला आणि पालकांची परवानगी असेल तर हरकत नाही, असं सांगितलं. मुलींच्या आया मैदानावर यायला लागल्या. येताना खजूर, ताक, गहू-मटणाच्या हरीसाची भांडी घेऊन यायच्या. अजान झाली की चेंडू तिथंच थांबायचा आणि सगळ्या कडेला सतरंजीवर बसायच्या. हुदाची आई पहिला खजूर अनुजाच्या हातावर ठेवायची.

एकदा एका मुलीला खरोखरच घेरी आली. अनुजानं तिला सावलीत बसवून बाटली तोंडाला लावली. पाणी पिऊन मुलगी रडायला लागली. रोजा मोडला, याचं तिला दुःख होतं. हुदा तिच्याजवळ बसली आणि म्हणाली, "नंतर भरून काढता येतो. अल्लाहनंच तशी सवलत दिलीय." अनुजा बाकीच्या मुलींकडं वळली. तिथं बोलणं तिचं काम नव्हतं.

स्पर्धेत संघ उपांत्य सामन्यापर्यंत गेला आणि पेनल्टीवर हरला. हुदाची शेवटची किक खांबाला लागून बाहेर गेली. ती डोळे पुसत आली, तेव्हा अनुजा एवढंच म्हणाली, "सुट्टी संपली की सराव सुरू."

काही वर्षांनी अनुजा करार पुरा करून कोल्हापूरला परतली आणि इथल्या एका शाळेत मुलींचा संघ बांधायला लागली. मागच्या रमजानात तिची गोलकीपर शाहिस्ता सरावाला यायची बंद झाली. अनुजा तिच्या घरी गेली.

"महिनाभर न्हाय पाठवायची, मॅडम," शाहिस्ताची आई सुगरा म्हणाली. "रोजे हायत तिचे."

"रोजा सोडा असं मी म्हणतच नाही. दिवस मावळताना, मगरिबच्या नमाजाआधी थोडा हलका सराव ठेवते. तुम्हीच येऊन बघा. नाही पटलं तर घेऊन जावा."

"तुमास्नी काय ठाऊक रोज्यात काय होतंय ते?"

अनुजानं जिन्याची, कूलरची गोष्ट सांगितली. सुगरानं ती शेवटपर्यंत ऐकली. होय म्हणाली नाही, पण दुसऱ्या दिवशी लेकीला घेऊन मैदानावर आली आणि हाताची घडी घालून कडेला उभी राहिली. थोड्या वेळानं एक चेंडू शाहिस्ताच्या डाव्या बाजूनं जाळ्यात गेला.

"डावीकडं ध्यान दे की," सुगरा तिकडूनच ओरडली.