लिलावातलं अंडं आणि आमची तारा

मुंबईला मी हौसेनं कधीच गेलेले नाही. कुणाचं ऑपरेशन, कुणाचं लग्न, नाहीतर कुणाची माती, यापलीकडे त्या शहराचा आणि माझा संबंध नाही. या खेपेला मात्र भाचीनं कॅनडाहून फर्मानच काढलं. "मावशी, आम्ही सगळे येतोय. मुंबईत माझी पोरं सांभाळायला तू नसलीस तर मी वेडी होईन." रूथ माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. स्वतःची चार लेकरं असताना तिला आणि तिच्या नवऱ्याला, अमोलला, पाचवं दत्तक घ्यायचं होतं, तेही मुंबईतल्या एका संस्थेतून. मिरजेच्या आमच्या मिशन कंपाउंडातल्या अर्ध्या बायका म्हणाल्या, "देव भलं करो." उरलेल्या म्हणाल्या, "खाज, दुसरं काय!" मी दोन्हीकडे मान डोलावली आणि बसमध्ये बसले.

सकाळी दादरला उतरले ती थेट फुलांच्या गर्दीत. झेंडूचे ढीग, शेवंतीचे ढीग, आणि त्यांच्यामधून डोक्यावर पोती घेऊन धावणारी माणसं. "आजी, साईड!" म्हणून एकानं मला जवळजवळ ढकललंच. मी त्याला चार शब्द सुनावले, पण ते ऐकायला तो थांबला असता तर ना! टॅक्सीत बसताना पोरांसाठी आणलेल्या भडंगाची पिशवी फाटली आणि निम्मी सीटवर सांडली. मी ओशाळून गोळा करायला लागले, तर टॅक्सीवाला म्हणाला, "राहू द्या ओ आजी, माझा नाश्ता झाला." गिरगावात पोचेपर्यंत त्यानं खरोखरच निम्म्याहून जास्त संपवलं होतं.

खोताच्या वाडीत गाडी जात नाही. तोंडाशी उतरून बोळातून चालावं लागतं. दोन्ही बाजूंना लाकडी कठड्यांची घरं, कुणाच्या दारात क्रूस, कुणाच्या दारात तुळस, आणि सगळ्यांच्या दारात स्कूटर. फिलोमिना आंटी नावाच्या ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतल्या मूळच्या ख्रिस्ती, बाईंच्या माडीवर दोन खोल्या घेऊन आमचा कबिला उतरला होता. आंटीनं जिन्यातूनच हाक दिली, "ये गो बाय, घर तुझाच हाय!" आणि हातात बशी ठेवली ती गरम फुग्यांची (यीस्टच्या पिठाचे तळलेले गोळे). मी आयुष्यात असे हलके गोळे खाल्ले नव्हते. चार पोरांनी मला मिठ्या मारून माझं पातळ पार चुरगळून टाकलं. थोरली एस्तेर पंधराची, मधले दोघे मुलगे भांडखोर, आणि धाकटा पाच वर्षांचा नोआ, जो कधी चालत नाही, फक्त पळतो.

रूथ तिकडे नर्स आहे आणि अमोल घरं गरम ठेवायची यंत्रं दुरुस्त करतो. खाऊनपिऊन सुखी, पण श्रीमंत नव्हेत. परदेशातून दत्तक घ्यायचं म्हणजे एजन्सी, वकील, सगळ्यांची तिकिटं, इथला मुक्काम. त्यांनी दुसरी गाडी विकली, पोरांनी उन्हाळी सहली सोडल्या, तिकडच्या चर्चनं केक विकून हातभार लावला. तरी खड्डा उरलाच होता. मी रूथला स्पष्टच विचारलं, "चार आहेत ना ग? कशाला हा उपद्व्याप?"

"तिचा फोटो बघितला, मावशी," ती म्हणाली. "मग नाही बघितला असं करता येईना."

दुपारी आम्ही परळला संस्थेत गेलो. तारा सात वर्षांची, काळीसावळी, कापलेल्या केसांची. जन्मापासून एक पाय आखूड, म्हणून त्या पायात जाड तळाचा बूट. खुर्चीवर ताठ बसली होती. नोआनं तिच्या बुटाकडे बोट दाखवून इंग्रजीत काहीतरी विचारलं, तिला कळलं, आणि तिनं पाय पुढे करून बूट नीट दाखवला. म्हटलं, पोरगी तिखट आहे, जमेल आपलं.

निघताना संस्थेच्या नीताताईंनी मला आणि रूथला बाजूला घेतलं. "हिला आधी एका जोडप्यानं नेलं होतं," त्या म्हणाल्या. "काही महिन्यांनी आणून सोडलं. जमत नाही म्हणाले. त्यामुळे जपून. आणि एवढ्या वयाच्या मुलांना विचारतात, हे लक्षात ठेवा. दत्तकाच्या सरकारी कचेरीतल्या मॅडम तिला विचारतील. ती नाही म्हणाली तर पुढे काही होत नाही."

एवढं सगळं जग फिरून आलेलं प्रकरण त्या आखूड पायाच्या पोरीच्या एका शब्दावर अडलेलं होतं. मला रात्रभर धाकधूक होती.

पुढचे दिवस संस्थेची परवानगी घेऊन आम्ही तिला फिरवलं, नीताताई बरोबर असायच्याच. वरळी कोळीवाड्यात गेलो तो दिवस मला फार आवडला. बोळ इतके अरुंद की समोरून माणूस आला तर भिंतीला चिकटायचं. पुढे एकदम समुद्र, होड्या, आणि बांबूंवर रांगेनं वाळत घातलेले बोंबील. पोरांनी नाकं दाबली. तारानं दाबलं नाही. एका कोळणीनं तिला विचारलं, "ही गोरी गोरी पोरं कोण गं तुझी?" तारानं पोरांकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "पाव्हणे आहेत." कोळीण हसली. रूथही हसली, पण तिचा चेहरा मी बघितला. तिला संस्थेत सोडायला जाताना तारा टॅक्सीत एस्तेरच्या खांद्यावर डोकं टाकून झोपली, तेव्हा कुठे रूथच्या जिवात जीव आला.

आता लिलावाचं सांगते, कारण सगळं बिघडलं ते तिथं.

अमोलचे वडील लालबागच्या एका गिरणीत होते, त्यामुळे तिथलं छोटं मराठी चर्च त्याचं लहानपणचं. त्या रविवारी हंगामाचा सण होता. आपल्या ख्रिस्ती मंडळींना हे नवीन नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगते: या दिवशी मंडळी आपापलं पहिलं पीक, फळं, कोंबड्या, घरचे पदार्थ देवापुढे आणतात आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. त्यात मजा अशी की एखाद्यानं वस्तू घेतली की तो ती ठेवत नाही. "परत!" म्हणतो आणि पुन्हा लिलावाला देतो. एकच भोपळा असा दहा जणांचा होतो. गिरणगावात पीक कुठलं, पण खिडकीतल्या कुंडीतली मिरची आणि गावाहून आलेला तांदूळ असतोच. या वेळचे पैसे तारासाठी द्यायचे, असं मंडळीनं ठरवलं होतं, म्हणून आम्ही तिलाही बरोबर नेलं होतं.

लिलाव करायला शमुवेलकाका उभे राहिले. सत्तरी ओलांडलेली, पण आवाज गिरणीच्या भोंग्याचा. "बोला, बोला! गावठी कोंबडीचं अंडं! ब्रॉयलर नाही, चोचीनं दाणे टिपलेल्या कोंबडीचं! कोण बोलतंय?" एकानं घेतलं. "परत!" सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. दुसऱ्यानं घेतलं. "परत!" मलाही चेव आला, मीही बोली लावली आणि मोठ्या ऐटीत म्हटलं, "परत!" मंडळी रंगात आली. तेवढ्यात काकांना काय सुचलं कोण जाणे, त्यांनी ताराला उचलून टेबलावर उभं केलं आणि अंडं तिच्या हातात दिलं. "बघा, हे सगळं कुणासाठी? या आपल्या लेकरासाठी! आता बोला!" पुढची बोली तिच्याकडे बघतच सुरू झाली. एकवार, दोनवार, तीनवार, टाळ्या. "परत!" पुन्हा टाळ्या. तारा अंडं दोन्ही हातांत धरून ताठ उभी होती. मी रूथला कोपरानं ढोसून म्हटलं, "बघ, कशी शहाण्यासारखी उभी आहे." आग लागो माझ्या अकलेला!

त्यानंतर ती जेवली नाही. आम्ही म्हटलं, दमली असेल.

दोन दिवसांनी कचेरीत बोलावणं होतं. लांबलचक व्हरांडा, लाकडी बाकं, चहाचे ग्लास घेऊन फिरणारा माणूस. आम्ही सगळे चर्चला जातो तसे नटून गेलो होतो. मॅडम वयानं माझ्याएवढ्याच, चष्मा डोक्यावर. त्यांनी आधी ताराशी एकटीशी बोलायचं ठरवलं. दाराला काच होती, आम्हाला दिसत होतं, ऐकू येत नव्हतं. थोड्या वेळानं त्यांनी रूथ, अमोल, नीताताई आणि मला आत घेतलं.

"ती नाही म्हणते," मॅडम म्हणाल्या.

अमोलनं खुर्चीची पाठ घट्ट धरली. मॅडमनी ताराला प्रेमानं विचारलं, "बाळा, का नाही, ते यांना सांगशील?"

तारा जमिनीकडे बघत म्हणाली, "हे लोक घेतात आणि परत देतात. मी बघितलं चर्चमध्ये. सगळे घेतात, आणि सगळे परत देतात. आणि मग टाळ्या वाजवतात."

आपण ज्याला दान म्हणतो, ते त्या लेकरानं टेबलावर उभं राहून कसं बघितलं असेल! अमोल घाईघाईनं म्हणाला, "अगं, ते अंड्याचं होतं, बेटा, ते तुझं नव्हतं," पण मॅडमनी हात वर केला. "आज नको," त्या म्हणाल्या. "मी तिला पुन्हा बोलावीन. तोवर तिच्यावर कुणी जोर करायचा नाही."

बाहेर व्हरांड्यात अमोल लहान मुलासारखा रडला. "उद्या जाऊन मी तिला नीट समजावतो," तो म्हणाला. "त्या शमुवेलकाकांना घेऊन जातो."

"काही समजवायचं नाही," रूथ म्हणाली. तिचे डोळे कोरडे होते आणि ओठ पांढरे पडले होते. "तिला त्या आधीच्या लोकांनीही खूप समजावलं असेल. उद्या भेटीची वेळ आहे ना? जायचं."

"ती नाही म्हणाली, रूथ!"

"ऐकलं मी. म्हणून जायचं."

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे गेलो. तारा दारात आली आणि आम्हाला बघून जागच्या जागी थांबली. "कशाला आले?" तिनं विचारलं.

"भेटायला," रूथ म्हणाली.

"पण मी 'नाही' बोलले ना."

"हो, बोललीस."

"मग?"

"मग काय? चल, नोआनं पत्ते आणलेत."

ती खेळायला बसली नाही. दुसऱ्या टोकाला भिंतीकडे तोंड करून बसली. आम्ही पत्ते खेळलो आणि निघालो. त्याच्या पुढच्या दिवशीही गेलो. तिनं एस्तेरनं दिलेली बाहुली खिडकीतून फेकली. एस्तेर खाली जाऊन ती घेऊन आली, तिची धूळ झटकली आणि खाटेवर ठेवली. तारानं पुन्हा फेकली. एस्तेर पुन्हा गेली. मला असा संताप आला होता, वाटलं दोन धपाटे द्यावे. पण मनात म्हटलं, बाई गं, ही बाहुली फेकत नाहीये, ही आपल्याला तपासतेय. अमोलनं विमानाची तिकिटं पुढे ढकलली. दंड बसला. फिलोमिना आंटी म्हणाली, "ऱ्हावा रे, तुमाला कोन हाकलतंय?" आणि भाड्याचं नाव काढलं नाही. त्या दिवसांत मी मुंबई काही बघितली नाही, फक्त गिरगाव ते परळ आणि परळ ते गिरगाव. एके दिवशी निघताना तारानं पहिल्यांदा विचारलं, "उद्या किती वाजता?" बाहेर रस्त्यावर येईपर्यंत रूथनं रडू आवरलं.

पुन्हा कचेरी, पुन्हा तीच बाकं. या वेळी तारानंच मला हात धरून आत नेलं, म्हणून मॅडमनी मला बसू दिलं. त्यांनी विचारलं, "जाशील यांच्याबरोबर?"

ती उलट म्हणाली, "मी परत 'नाही' बोलले तर?"

"तर नाही. तुझ्या मनाविरुद्ध कुणी नेणार नाही."

तारानं काचेतून बाहेर बघितलं. बाकावर सहाच्या सहा जण एकमेकांना चिकटून बसले होते, नोआसुद्धा न पळता. "मी 'नाही' बोलले तरी हे उद्या येणार," ती म्हणाली. "मी बघितलंय." मग मॅडमकडे वळून म्हणाली, "हो. जाईन."

पुढची कागदपत्रं व्हायला बराच वेळ लागला. अमोल पोरांना घेऊन आधी गेला, रूथ तारासाठी मागे राहिली, आणि मी मिरजेला आले. बसमध्ये मला सारखं तेच आठवत होतं. आम्ही मोठ्या मनानं देणारी माणसं, देण्याची आम्हाला सवय आणि त्याचा थोडा गर्वही. ठेवून घेणं हे देण्याहून अवघड असतं, हे कुठल्या पाळकानं आम्हाला चर्चच्या उपदेशात सांगितलं नव्हतं. कंपाउंडातल्या बायकांना मी हेच सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "मुंबईला जाऊन पाळकीणबाई होऊन आलीस की ग!"

परवा कॅनडाहून रूथचा व्हिडिओ कॉल आला. बोलायला जागाच नव्हती, मागे नुसता आरडाओरडा. वरच्या पलंगासाठी एस्तेर आणि ताराची जुंपली होती. एस्तेर म्हणत होती, "माझी खोली आहे, तू खाली जा," आणि तारा कमरेवर हात ठेवून तारस्वरात ओरडत होती, "तूच जा! मी नाय जाणार कुठे! घर माझं आहे!"

"बघ ना मावशी," रूथ वैतागून म्हणाली, "सकाळपासून डोकं उठवलंय या कार्टीनं."

"रागाव तिला," मी म्हटलं. "चांगली रागाव." आणि फोन ठेवून पदरात तोंड खुपसून मनसोक्त रडले.