कोडातली पाचवी-सहावी अक्षरं

बारावीनंतर मला रशियातल्या एका मेडिकल कॉलेजात जागा मिळाली. पहिल्या वर्षाची फी शुक्रवारपर्यंत तिथल्या खात्यात पोचायला हवी होती, नाहीतर जागा दुसऱ्याला जाणार होती. सोमवारी सकाळी बाबूजी आणि मी देवरीहून पहिल्या बसने गोंदियाला बँकेत गेलो. प्रवेश करून देणाऱ्या नागपूरच्या एजंटाने फॅक्सने पाठवलेला कॉलेजच्या खात्याचा कागद बाबूजींनी शर्टाच्या आतल्या खिशात ठेवला होता.

परदेशी व्यवहार बघणाऱ्या मॅडमनी आम्ही भरलेला फॉर्म तपासला. बँकेच्या कोडापाशी त्यांचा पेन थांबला.

"पैसा रूस भेजना है ना?"

"हो," मी म्हटलं.

"फिर ये कोड जर्मनी का क्यों है?"

मला काहीच कळलं नाही. त्यांनी कागद माझ्याकडे वळवला आणि एकेका अक्षराखाली टिंब देत समजावलं. पहिली चार अक्षरं बँकेची, पुढची दोन देशाची, मग दोन त्या बँकेच्या ठिकाणाची. कधी शेवटी आणखी तीन असतात, ती शाखेची. आमच्या कोडात पाचवं-सहावं अक्षर होतं डी आणि ई. रशियाचं असतं तर आर आणि यू हवं होतं.

बाहेर जाऊन एजंटाला फोन लावला. घंटी वाजत राहिली. पाच वेळा लावला, कुणी उचलला नाही. बाबूजी परत काउंटरवर आले.

"एजंटानं देलं आहे, तो चुकीचं काऊन देईल? तुम्ही पाठवा. जबाबदारी माही, मी लिहून देतो."

"लिखकर दीजिए, भेज दूँगी," मॅडम म्हणाल्या. "लेकिन पैसा बीच में अटका तो कितने दिन में लौटेगा, मैं नहीं बता सकती."

बाबूजींनी पेन काढला. मी फॉर्मवर हात ठेवला. त्यांच्यासमोर मी कधी उलट शब्द काढला नव्हता.

"सही नका करू, बाबूजी."

"वेळ चालला अन् तू हात आडवा घालून राहिली?"

"जागा गेली तर जाऊ द्या. पैसे नको जायला."

त्यांनी पेन खिशाला लावला आणि ते बाहेर पायरीवर जाऊन बसले.

शेजारच्या गल्लीत सायबर कॅफे होता. तिथून मी कॉलेजच्या ऑफिसला पुस्तकी इंग्रजीत ईमेल लिहिला. तिथलं घड्याळ आपल्या मागे, ऑफिस उघडलं असेल की नाही, तेही माहीत नव्हतं. दर दहा मिनिटांनी पान उघडत होते आणि मनात एकच विचार होता, की आपल्या हट्टापायी डॉक्टर व्हायचं राहून जाईल.

साडेतीनला उत्तर आलं. डॉलर आधी जर्मनीतल्या एका बँकेत येतात आणि तिथून त्यांच्या रशियातल्या बँकेत जातात. दोन्ही कोड लागतात. एजंटाने पहिलाच उतरवून घेतला होता, आणि तोही कॉलेजच्या बँकेच्या जागी.

प्रिंट घेऊन मी पळत बँकेत आले. मॅडम आवराआवर करत होत्या. त्यांनी नव्या कोडाची अक्षरं बोटाने मोजली, पाचव्या-सहाव्यापाशी मान हलवली, आणि नवा फॉर्म काढला. जर्मनीचा कोड मधल्या बँकेच्या रकान्यात गेला. बाबूजींनी सही केली.

मंगळवार, बुधवार, गुरुवार मी रोज देवरीच्या कॅफेत जाऊन आले. काही आलं नाही. घरात कुणी विचारतही नव्हतं. शुक्रवारी दुपारी एका ओळीचा ईमेल आला, की फी जमा झाली.

मी थेट शेतात गेले. बाबूजी बांधावर उभे राहून धानाच्या एका बांधीत पाणी सोडत होते. मी सांगितलं. त्यांनी फावडं बांधावर टेकवलं.

"त्या दिवशी तुले भेव नाही लागलं?" त्यांनी विचारलं.

"लागलं."

"मले बी लागलं," ते म्हणाले आणि फावड्याने दुसऱ्या बांधीचं तोंड उघडायला वाकले.