फोटो एकीकडे, पत्रं एकीकडे

"तुम्ही इंग्रज ना?" असं कुणी विचारलं की तो म्हणायचा, "नाही, त्यांचा शेजारी." हा आयरिश गृहस्थ आमच्या तेलकंपनीची जुनी कागदपत्रं सांभाळायचा आणि त्यांतून पहिल्या मजुरांचा इतिहास लिहीत होता. कागदांच्या पुडक्याची गाठ सोडण्याआधी ती बराच वेळ न्याहाळायचा. मला त्याचं हसू यायचं.

कुवेतचं युद्ध पेटलं तेव्हा सरहद्दीवरच्या खफजीहून ती पुडकी रियाधला, अल सुलै भागातल्या गोदामात हलवली. ट्रकमधून त्यांच्याबरोबर आलेला तो खोक्यांना टेकून तिथेच झोपला. मला वाटलं, बिचाऱ्याला मदत करावी. मी पुडकी सोडून फोटो एकीकडे, पत्रं एकीकडे, ओळखपत्रं एकीकडे असे सुबक गठ्ठे लावले. एकेका पुडक्यात एकेका मजुराचं सामान होतं आणि फोटोंवर नावं नव्हती, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

उठल्यावर तो गठ्ठ्यांपुढे बसला. मग एक फोटो उचलून त्यानं विचारलं, "हा कुठल्या पत्रांबरोबर होता, आठवतंय?"

मला आठवेना.

"असू दे. बस, चहा घे."

संध्याकाळी साहेब आला. "हा घोळ कुणी घातला?"

"मीच," तो म्हणाला. "झोपेत."

साहेब त्याला वाट्टेल ते बोलला. मी शेजारी उभा राहून सुतळी गुंडाळत होतो.

युद्ध संपताच कंपनीनं त्याला परत पाठवलं. पुस्तक झालंच नाही. विमानतळावर सोडायला मीच गेलो आणि वाटभर त्याच्याशी थंडीबद्दल बोलत राहिलो.