दोरीवरचे पांढरे टॉवेल

गेल्या आठवड्यात एका सकाळी गॅलरीत चहा घेताना समोरच्या दोरीकडे लक्ष गेलं. रोजच्या विटक्या पंच्यांच्या जागी चार जाडजूड, पांढरेशुभ्र टॉवेल वाळत होते. कोपऱ्यात कुठल्याशा परदेशी हॉटेलचं नाव निळ्या दोऱ्यानं विणलेलं. आमच्या सोलापुरात असे टॉवेल विणणारे गल्लोगल्ली आहेत, पण स्वतःचं अंग ते विरलेल्या पंच्यानंच पुसतात. चांगला माल बोटीनं जातो.

समोरच्या लक्ष्मीवहिनी चिमटे लावत होत्या. त्यांचे यजमान टॉवेलच्या कारखान्यात मागावर असतात. मी सहज म्हणालो, "वहिनी, मजा आहे तुमची. काय सुरेख टॉवेल आणलेत."

त्या हसल्या नाहीत. "तिकडच्या सरकारनं कर वाढवलाय म्हणं. माल गेलाच नाही. यंदा बोनसच्या जागी हेच दिले. पुढं माग चालतोय का नाही, कुणाला ठाऊक."

माझा चहा निवला. ज्यानं तिकडे कागदावर एक आकडा बदलला, त्याला ही दोरी कधीच दिसणार नाही. मला मात्र आता दुसरं काही दिसत नाही. रोज उठलो की आधी गल्लीभर नजर फिरवतो. परवा कोपऱ्यावरच्या घराची दोरी पांढरी झाली, काल त्याच्या शेजारची.

आज गावाहून आलेला मेहुणा गॅलरीत उभा राहून कौतुकानं म्हणाला, "दाजी, गल्लीत बरीच सुबत्ता आलेली दिसते."

"हळू बोल," मी म्हणालो, "वहिनी दोरीपाशी आहेत."