पापियासने कोरलेली पर्सेफोनी

आमच्या निसा गावच्या टांकसाळीत नाणी पाडायचे ठसे पापियास कोरायचा. एका बाजूला बादशहाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला पर्सेफोनी देवी. पाताळाचा राजा तिला रथात घालून पळवतोय आणि ती दोन्ही हात पसरून आईला हाका मारतेय. हे आमच्याच कुरणात घडलं असं इथे पोराटोरांनाही ठाऊक, त्यामुळे आमच्या नाण्यावर दुसरं काही शोभत नाही.

त्या वर्षी नगरसभेने नवा ठसा मागितला तेव्हा पापियासने स्वतःच्या मुलीलाच समोर उभं केलं. मेलितीने तिचं नाव, सतरा वर्षांची, स्मर्नाच्या दोरखंडवाल्यांकडे लग्न ठरलेलं. मी शेजारीण. अंजिरांची पाटी टेकवून बघत बसले होते.

"अगं, हसतेस काय? तुला पळवून नेतायत!" पापियास खेकसला.

"नेऊ देत की बाबा. भांडी घासण्यातून तरी सुटेन."

"हात वर. अजून वर."

"गळून पडतील हो हात! मग कोरा थोटी देवी."

तिची आई अफ्फिया चुलीपाशी होती. तिथूनच म्हणाली, "असली तोंडाळ सून, सासू आठ दिवसांत परत धाडेल बघ."

कोणी परत धाडली नाही. लग्नानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात ती बाळंतपणात गेली, बाळही गेलं. एका गाडीवानाने निरोप आणला, तोवर तिला पुरून नऊ दिवस झाले होते.

आणि बाजारात तर ती नव्या नाण्यांवर, सगळ्यांच्या मुठीत. लहानपणी पडून तिचा डावा कोपर जरा वाकडा राहिला होता. बापाने तोही जसाच्या तसा कोरलेला. अफ्फियाने पावटे घेतले, वाण्याने सुटे तळहातावर ठेवले आणि ती पावट्यांसकट मटकन खाली बसली.

त्यानंतर आम्ही आपसात काही ठरवलं नाही, पण सगळे एकच करू लागलो. अफ्फिया आली की मासेवाला तिच्या आधीची जुनी नाणी निवडून द्यायचा. अंजिरं विकताना मीही तेच करायचे.

असे चार-पाच महिने गेले. एके दिवशी ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"तुझ्या पैशांच्या डब्यात आहे ना ती?"

"कोण गं?"

"वेड पांघरू नकोस. गावाने मिळून तिला माझ्यापासून लपवलंय. तिला मातीत घातलं तेव्हा मी नव्हते. आता इथे भर बाजारात फिरतेय, तर तुम्ही तीही बघू देत नाही मला!"

मी डबा तिच्यापुढे उपडा केला. तिने एकेक नाणं उचलून अंगठ्याने पुसलं. कितीतरी नाण्यांवर नाक-डोळे सपाट झाले होते. पुसता पुसता ती एकदम थांबली आणि हात मागे घेतला.

"मीसुद्धा झिजवतेय की गं तिला," ती म्हणाली.

पुढे तो ठसा तडकला. चिटणीस नव्यासाठी पापियासच्या दारात आले. "डोळे गेले माझे," एवढंच तो म्हणाला. डोळे चांगले होते. त्याच दुपारी माझ्या अंजिरातली अळी त्याने लांबून दाखवली होती. मग ट्रालेसहून दुसरा कारागीर आला आणि त्याने गोल तोंडाची, कोणाचीच नसलेली एक मुलगी कोरली.

वसंतात दोघं नवरा-बायको स्मर्नाला गेली. जावयाने दुसरं लग्न केलं होतं. माणूस वाईट नाही, अफ्फिया सांगते. जेवू घातलं, आपल्या खाटा दिल्या. सकाळी वेशीबाहेर घेऊन गेला. तिच्या थडग्यावर दगड बसवायचा राहून गेला होता. दोन उंचवटे शेजारी शेजारी, दोन्हींवर सारखंच गवत.

"या दोनपैकी एक," तो म्हणाला आणि मान खाली घातली.

"मग काय केलंस?" मी विचारलं.

"आधी एकीपाशी बसले," अफ्फिया म्हणाली. "मग उठून दुसरीपाशी. हे म्हणाले, चल आता, ऊन चढलं. मला काही उठवेना. वाटलं, उठले आणि तीच असली तर?"