गाळातलं पाडस

आटत आलेल्या तळ्याच्या गाळाला एक उग्र वास असतो. कुजलेल्या शेवाळाचा, मेलेल्या माशांचा, उन्हात भाजून निघालेल्या मातीचा. दुष्काळाच्या त्या वर्षी युसूफ वडगाव या गावच्या शिवारातून तो वास दुपारभर आमच्या शाळेच्या खिडक्यांतून आत येत असे.

मी शिकवत असे त्या वर्गातली निम्मी मुलं शेजारच्या वसतिगृहात राहत. त्यांचे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला, दूरच्या सहकारी साखर कारखान्यांच्या फडांवर गेलेले. निर्जन बेटावर अडकलेल्या मुलांच्या कादंबऱ्या मी तेव्हा आवडीने वाचत असे. वडीलधाऱ्यांचा धाक ओसरला की कोवळी मुलं आधी पोटासाठी शिकार करतात, मग शिकारीच्या उन्मादासाठी, आणि अखेरीस माणूसच त्यांचं सावज होतो, हे वाचताना अंगावर शहारा येई. पण तो शहारा घरबसल्याचा होता. रानटीपणाला चहूबाजूंनी समुद्र लागतो, असंच मी मनाशी धरून चालले होते. किती भाबडी असते वाचकाची समजूत!

एका दुपारी तळ्याकडून आरोळ्या ऐकू आल्या म्हणून मी धावले. पाण्याच्या ओढीने आलेलं हरणाचं पाडस गाळात पोटापर्यंत रुतलं होतं, आणि माझीच दहाबारा मुलं काठावरून त्याला ढेकळं मारत होती. सर्वांत पुढे भानुदास. अंगाने थोराड, एरवी लहानग्यांच्या घागरी आपल्या खांद्यावर घेणारा. सुरुवात गमतीने झाली असावी. मी बांधावर पोहोचले तोवर ढेकळांची जागा दगडांनी घेतली होती आणि आरोळ्या थांबल्या होत्या. ती शांतता मला अधिक भयंकर वाटली.

तेवढ्यात सिद्धार्थ गाळात उतरला. तो भानुदासचा जिवलग. दोघे एका ताटात जेवत. मांडीपर्यंत रुतत तो पाडसाजवळ गेला आणि त्याच्यापुढे आडवा उभा राहिला.

"बाजूला सरक बे," भानुदास म्हणाला.

"न्हाई सरकत. कावून मारायलास त्याला?"

"खायचं हाय."

"खायचं असतं तर कवाच वर वढलं असतंस."

कुणाच्या तरी हातून दगड सुटला आणि सिद्धार्थच्या भुवईवर बसला. रक्त डोळ्यात उतरलं. मी ओरडले, एकेकाचं नाव घेऊन ओरडले. पण एकही मान वळली नाही. रोज माझ्यापुढे पाढे म्हणणारी ही मुलं, त्यांचे चेहरे मला ओळखू येईनात. मोठं माणूस आलं की सारं थांबतं, या विश्वासावर मी धावत आले होते, आणि काहीच थांबलं नव्हतं.

भानुदासचा दगड धरलेला हात वर गेला. सिद्धार्थने रक्त पुसलं नाही.

"भान्या," तो हळूच म्हणाला, "मी लई रुतायलोय. हात दे."

किती वेळ तो हात तसाच वर होता, कोण जाणे. मग दगड पायाशी पडला आणि भानुदास गाळात उतरला. त्याच्यामागे दुसरा उतरला, मग सगळेच. आधी सिद्धार्थला, मग पाडसाला त्यांनी ओढून काठावर आणलं. पाडस बराच वेळ धापा टाकत पडून राहिलं, मग थरथरत उठलं आणि लंगडत तुरीच्या रिकाम्या रानात दिसेनासं झालं. जी माया मनुष्याला मनुष्य ठेवते, तिचा धागा इतका बारीक असावा?

पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप संपल्यावर, आईबाप परतले. भानुदासची आई डोक्यावर बोचकं घेऊन थेट शाळेत आली. "बाई, पोरगं नीट राहिलं का वो?"

जवळच उभ्या सिद्धार्थच्या भुवईवरचा व्रण अजून ताजा दिसत होता. माझ्याआधी तोच बोलला, "लई नीट राहिला, मावशी."

भानुदासने आईच्या डोक्यावरचं बोचकं उतरवून घेतलं, आणि दोघे चालू लागेपर्यंत आपल्या तोंडापुढे धरून ठेवलं.