सन व्हायझरवरचं बाळ

"आवं, ही हितं जोडलेली न्हाई. थेट जहाजातनं आलीया."

पेठ नाक्यावर चहाच्या टपरीपाशी माझा चुलतभाऊ एका अनोळखी माणसाला सांगत होता. मी मागच्या सीटवरून ऐकत होते.

"व्हय? मग आपल्या खड्ड्यांची वळख करून दिली का तिला?" तो माणूस म्हणाला.

दादा हसला, पण मनापासून नाही. साताऱ्यापासून प्रत्येक गतिरोधकावर गाडीचं पोट घासलं होतं, आणि दर वेळी माझ्या शेजारी बसलेल्या काकूनं "आई गं" म्हणून स्वतःचंच पोट धरलं होतं.

पुण्याहून सेकंडहँड घेतलेली ही लाल हॅचबॅक सांगलीला वहिनीच्या माहेरी दाखवायला चालली होती. वहिनीच्या भावाकडे हेच मॉडेल आहे, पण भारतात जोडलेलं, थोडं उंच. दादाच्या मते ती नक्कल. ही दिसायला खरंच देखणी होती. बुटकी, रुंद, मागच्या काचा अरुंद. आत मात्र पेटीत बसल्यासारखं वाटायचं.

मला भीती वाटत होती ती वेगळ्याच गोष्टीची. निघताना दादाशेजारी पुढे बसलेल्या वहिनीनं आरशात टिकली नीट करायला समोरचा सन व्हायझर, ऊन अडवायची ती पट्टी, खाली ओढला, तेव्हा त्यावरचं स्टिकर दिसलं. एअरबॅगसमोर बाळाचं चित्र आणि त्यावर लाल फुली. खाली तीन-चार परदेशी भाषांत इशारा. त्यातलं इंग्रजी मी पुढे वाकून वाचलं. एअरबॅग उघडली तर पुढच्या सीटवरच्या बाळाचा जीव जाऊ शकतो, असं लिहिलं होतं.

वहिनीच्या मांडीवर माझी तान्ही भाची झोपली होती. वहिनीनं पट्टाही लावला नव्हता. गाडी सारखी टिंगटिंग करते म्हणून दादानं बक्कलमध्ये नुसती क्लिप खोचून ठेवलेली. "एवढ्या एअरबॅगा हायत, पट्टा कशाला?"

घरात मी काही सांगायला लागले की "आली इंग्लिश मीडियम" असं कुणीतरी म्हणतंच. मग माझा आवाज आतच राहतो. कराड मागे पडलं, तरी मी गप्पच. ट्रक जवळून गेला की मी बाळाच्या टाळूकडे बघायचे. ती अजून मऊ होती, हळूहळू उडत होती.

चहा झाला, गाडी निघाली. आष्ट्याच्या अलीकडे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर अचानक आडवा वळला. दादानं करकचून ब्रेक दाबला. बाळ पुढे गेलं. वहिनीचा हात मध्ये आला आणि ते इवलं डोकं डॅशबोर्डपासून वीतभर अलीकडे थांबलं.

"बघितलंस? असला ब्रेक तुझ्या भावाच्या गाडीला हाय का?" दादा वहिनीला म्हणाला.

"न्हाई बाई," काकूच म्हणाली.

बाळ रडायला लागलं. वहिनीनं त्याला छातीशी घट्ट धरलं. दादानं पुन्हा वेग घेतला.

"दादा, गाडी बाजूला घे," मी म्हणाले. "ती एअरबॅग उघडली तर बाळालाच मारेल. बाळ पुढे बसणार नाही."